गढीची माती, गाडीला चार आणे

गढी ढासळली की हळहळायचं असतं, असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले होते. या हळहळीवर मी लेख लिहिले, दिवाळी अंकांत छापून आणले, एक-दोन व्यासपीठांवरून गळाही काढला. सूर ठरलेला: गावोगावच्या गढ्या हा आपला ठेवा, आणि तो आपल्याच लोकांनी अडाणीपणानं, गाड्या भरभरून शेतात नेऊन पसरला. टाळ्या हमखास पडत. तो सूर आता मला लावता येत नाही. का येत नाही ते लिहायला बसले आहे. आजोळची मंडळी हे वाचतील आणि रागावतील. पण त्यांच्याशी तोंडी सगळं बोलून झालं आहे, तेव्हा त्या रागात नवं काही नसेल.

आधी गढी म्हणजे काय ते सांगते, कारण पुण्या-मुंबईकडे गढी म्हटलं की लोकांना लहानसा किल्ला वाटतो. किल्ला राजाचा. त्याचा किल्लेदार बदलतो, शिबंदी बदलते. गढी हे राहतं घर, पाटलाचं किंवा देशमुखाचं, पिढ्यान्‌पिढ्या त्याच आडनावाचं. गावातल्या सगळ्यात उंच जागेवर, बहुधा नदी-ओढ्याच्या अंगाला. खाली पुरुषभर उंचीपर्यंत घडीव दगड, त्यावर पांढऱ्या मातीचा तट, बुडाशी चांगला जाड आणि वर निमुळता. कोपऱ्यांना बुरूज. दरवाजा एकच, खिळे मारलेला, त्यात वाकून जाता येईल एवढी दिंडी. आत देवडी, चौक, सोपे, माजघर, आड, धान्याची पेवं आणि भिंतीतली बळदं. बहमनी राजवटीत आणि पुढं निजामशाही-आदिलशाहीत परगण्याचा वसूल ज्यांच्या हातून सरकारात जाई, त्यांची ही घरं. मराठवाडा, वऱ्हाड, खानदेश आणि नगर-सोलापूरकडचा देश इथं कोणत्याही फाट्यावर उतरा आणि गढी कुठं आहे विचारा, लोक बोट दाखवतात. बोटाच्या दिशेला बहुतेक वेळा मातीचा ढीग असतो आणि त्यावर बाभळी.

किल्ल्यांची काळजी करणारे पुष्कळ आहेत. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. मलाही आनंद झाला, पेढे खाल्ले. त्याच आठवड्यात मामेभावाचा फोन आला की ताई, आता आपल्या गढीचंही काहीतरी करू या.

माझ्या आईचं माहेर गोदावरीकाठचं, देशमुखांचं. निजामाच्या राज्यातलं गाव. तिथली गढी मी पाहिली ती दीड बुरुजाची. पूर्वेचा बुरूज बराचसा उभा, दक्षिणेचा निम्मा, दिंडीची दगडी चौकट आणि आड. बाकी सगळं आजीच्या तोंडून. आजीच्या गोष्टीत गढीला चार बुरूज, दोन चौक, सातशे माणसांची पंगत बसेल एवढी ओसरी आणि तळघरातून नदीपर्यंत भुयार असे. (महाराष्ट्रातल्या एकूण एक गढीतून भुयार निघतं आणि ते कुठंतरी देवळात नाहीतर नदीत उघडतं. पाहिलेलं कुणी नसतं.) गोष्टीचा शेवट असा की ॲक्शन झाली, म्हणजे १९४८ च्या सप्टेंबरात भारतीय फौजा आल्या, निजाम गेला, आणि गाव शेफारलं. ज्याला जे हाती लागलं ते त्यानं नेलं. माती नेली, दगड नेले, तुळया नेल्या.

हीच गोष्ट मी थोडी इतिहासाची फोडणी देऊन पुन्हा पुन्हा लिहीत राहिले.

मामा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत आजोबांच्या वह्या निघाल्या. रोजच्या जमाखर्चाच्या, कापडी पुठ्ठ्याच्या. मजकूर बाळबोध, आकडे मोडी वळणाचे. भावाला त्यात रस नव्हता, म्हणून मी घेऊन आले. म्हटलं, एखादा लेख होईल. १९५० नंतरच्या वहीत एका पानावर जमेच्या बाजूला लिहिलेलं आढळलं: पांढरी माती, गाड्या तीन, बारा आणे. पुढच्या पानावर पुन्हा माती, गाड्या पाच. मग कुणाच्या नावावर उधार. आणे निजामाचे हाली की इंग्रजी कळदार, ते लिहिलेलं नाही. दर मात्र सगळीकडे गाडीला चार आणेच. उन्हाळा लागला की नोंदी दाट होतात, मृग लागला की थांबतात. पुढच्या एका वहीत सागवानी तुळया, तालुक्याच्या एका व्यापाऱ्याला, एकरकमी. त्याच महिन्यात खर्चाच्या बाजूला सोनार, कासार, वाजंत्री, तूप. तो माझ्या आईच्या लग्नाचा महिना.

गावानं लुटलेली गढी माझ्या आजोबांनी गाडीच्या हिशेबानं विकली होती. आजीला हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. जमेची बाजू देशमुखांची, दोष गावाचा, एवढीच विभागणी तिनं केली होती.

वही घेऊन मी गावात गेले. उधारीच्या नावांत एक नाव कुंभाराचं होतं, त्यांचा मुलगा अजून आहे, नव्वदीच्या घरातला. ऐकू कमी येतं, पण डोकं साफ. मी म्हटलं, बाबा, तुमच्याकडे माझ्या आज्याचे आठ आणे निघतात. ते हसत सुटले. म्हणाले, "गाडी न्हवती माय आमच्याकडं, गाढवं व्हती. सोळा खेपा म्हंजी एक गाडी धरायची, असा ठराव. तुजा आजा वर हुबा राहून खेपा मोजायचा. आन् बुरजाला हात लावू द्यायचा नाही, मदली भित्तच खना म्हनायचा. बुरूज लांबून दिसतो ना."

बुरूज लांबून दिसतो, हे माझ्या आजोबांना चांगलं ठाऊक होतं. आतली भिंत गेली तरी चालेल, बाहेरून देशमुखी दिसली पाहिजे. दीड बुरूज का उरला याचं याहून चांगलं स्पष्टीकरण मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

पण आजोबांनी विकली तरी का? चार आण्यांची एवढी नड होती का? नड होतीच, पण खरं कारण मातीत आहे.

मराठवाड्यातली शेतातली काळी माती भिंतीला चालत नाही. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीला लागते पांढरी, म्हणजे जिथं माणसं शेकडो वर्षं राहिली त्या जागेची माती. चुलीची राख, शेण, चुना, कोळसा, खापऱ्या, पडलेल्या घरांचा गाळ, सगळं मिसळून ती फिक्कट आणि भुसभुशीत होते. मळून तुडवली की घट्ट बसते. माळवदावर तीच घालतात, पाणी झिरपू नये म्हणून. शेतात टाकली तर ती खत. पुरातत्त्ववाले या पांढरीच्या टेकाडांसाठी जीव टाकतात आणि शेतकरी त्यांतून गाड्या भरतात, हे भांडण महाराष्ट्रात जुनं आहे.

अशा मातीचा तट दणकट असतो, पण त्याचा माथा जपावा लागतो. वरचं लिंपण तडकलं की पाणी आत शिरतं, पहिल्या पावसात घळ पडते, दुसऱ्या वर्षी घळीत पिंपळ उगवतो, आणि मग तटाला शत्रू लागत नाही. म्हणून दर वर्षी मृगाच्या आधी सगळ्या तटाचा माथा नव्यानं मळून लिंपायचा. किती माणसं, किती दिवस? गढी चांगली मोठी असली तर अर्ध्या गावाचं काम. आणि हे काम मजुरीवर कधीच झालेलं नाही. ते वेठीचं. महार-मांग माती खणायला, कुंभाराची गाढवं वाहायला, कोळी पाणी भरायला, सुतार फळ्या धरायला. सणाला मिळणाऱ्या भाकरीत आणि खळ्यावरच्या बलुत्यात ते सगळं धरलेलं.

वेठ थांबली आणि गढीचं आयुष्य संपलं. तोफा, इंग्रज, गावचे चोर यांची गरजच पडली नाही. माझ्या जुन्या लेखांत हे वाक्य कुठंही नाही, कारण तट आपोआप उभा राहतो अशा थाटात मी लिहीत होते.

वेठ एकदम थांबली नाही. आधी देशमुखांचं काम गेलं. निजामाकडे पहिल्या सालारजंगानं १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाचे जिल्हे पाडले, वसूल सरकारी नोकरांच्या हाती दिला आणि देशमुख-देशपांड्यांना रुसूम म्हणून नेमणूक बांधून दिली. इंग्रजी मुलखात ते त्याआधीच सुरू झालं होतं: १८३६ च्या इंदापूरच्या पाहणीपासून सारा शेतकऱ्याच्या नावावर थेट बसू लागला, आणि १८६० च्या दशकात गॉर्डनसाहेबाच्या ठरावानं परगण्याच्या वतनदारांची चाकरी माफ करून त्यांच्या उत्पन्नावर कर बसवला. काम गेलं तरी दरारा मागं राहतो, तो आणखी दोन-तीन पिढ्या पुरला. मग १९४९ मध्ये हैदराबादेत जहागिऱ्या गेल्या, मुंबई राज्यात १९५१ मध्ये परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली, पुढं साठीच्या दशकात मुलकी पाटीलही. आजोबांच्या हाती उरलं ते लिंपायला माणूस न मिळणारं प्रचंड मातीचं घर. पडू दिलं असतं तरी पडलंच असतं. त्यांनी पडण्याआधी विकलं. हिशेबी माणूस.

इथवर आले तेव्हा मला फक्त आपलं लिखाण दुरुस्त करावं लागेल असं वाटत होतं. आत दुसरं काही हललं ते सभासदाची बखर पुन्हा वाचताना.

कृष्णाजी अनंत सभासदानं जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून शिवचरित्र लिहिलं, हे शाळेपासून माहीत. अफजलखान, शाहिस्तेखान, राज्याभिषेक, ही पानं पाठ. मधे मुलकी कारभाराची दोन-तीन पानं आहेत, तिथं नजर नेहमी घसरून पुढं जायची. या खेपेला तिथं थांबले. सभासद सांगतो ते माझ्या शब्दांत असं: पातशाह्यांच्या काळात मुलूख देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्या हाती गेला होता. ते गावाकडून भरमसाट घेत, सरकारात थोडकं भरत. त्या पैशावर त्यांनी बुरुजांचे वाडे आणि कोट बांधले, प्यादे आणि बंदूकवाले ठेवले, आणि वसूल मागायला कुणी आला तर तटाआड भांडायला उभे राहू लागले. महाराजांनी मुलूख घेतला तेव्हा हे कोट पाडले. मोक्याचे होते त्यांत आपलं ठाणं बसवलं. वतनदारांनी काय घ्यायचं ते ठरवून दिलं, आणि पुढं बुरुजाचा वाडा कुणी बांधायचा नाही, साधं घर बांधून राहायचं, असा नेम केला.

म्हणजे महाराष्ट्रात गढ्या पाडण्याची पहिली मोठी मोहीम शिवाजी महाराजांची.

माझ्या लेखांत गढीच्या शेजारच्या परिच्छेदात महाराज असायचेच. त्यांच्या नावानं मी त्यांनी पाडलेल्या वास्तूसाठी गळा काढत होते. हे कळल्यावर पहिल्यांदा हसू आलं. मग लक्षात आलं की या गोष्टीला आणखी एक पदर आहे. महाराजांचे पणजोबा बाबाजी भोसले वेरूळचे पाटील. वेरूळला भोसल्यांच्या गढीचे अवशेष आजही दाखवतात. आजोबा लखुजी जाधवराव सिंदखेडचे देशमुख. जिजाऊंचा जन्म तिथल्याच वाड्यात झाला आणि त्या वाड्याचा दरवाजा अजून ताठ उभा आहे. दोन्ही अंगांनी हा माणूस तटाच्या आत वाढलेल्या घरांतला. तट कशाला असतो हे त्यांना बाहेरून कुणी शिकवायला नको होतं. लखुजींचा शेवटही त्यांना माहीत होता: १६२९ मध्ये निजामशहाच्या दरबारात मुलांसकट कापले गेले. एवढी मोठी वास्तू, एवढी फौज बाळगून दरबारात हात रिकामाच.

सभासदानं हे जरा ठासून सांगितलं असावं, हेही लिहायला हवं. वतनं मुळासकट काही गेली नाहीत. १६४६ च्या जानेवारीतलं रांझ्याच्या पाटलाचं पत्र सगळ्यांना ठाऊक आहे: बाबाजी गुजर पाटलानं बाईवर हात टाकला, चौकशी झाली, हातपाय कलम झाले. पत्राचा पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही. पाटीलकी जप्त झाली आणि पैसे भरून घेऊन त्याच गुजरांच्या भाऊबंदांत दिली गेली. माणसाला शिक्षा, वतन तसंच. सोळा वर्षांच्या पोराकडून त्या काळात याहून जास्त मागणं आपलंच चुकेल. १६५९ मध्ये अफजलखान आला तेव्हा मावळातल्या देशमुखांना निवड करावी लागली. खंडोजी खोपडे खानाकडे गेला. कारीचे कान्होजी जेधे मुलांसह राजगडी आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडलं. ‘पाणी सोडलं’ हे आपण आज सहज बोलतो. तेव्हा ते खरोखर हातावर पाणी घेऊन केलं जाई, आणि सोडलं जाई ते घर, शेत, मान आणि पोरांचं पुढचं सगळं. पुढं औरंगजेब दक्षिणेत ठाण मांडून बसला आणि राजाराम महाराजांना सरदार टिकवायला वतनं वाटावी लागली. बुरूज परत आले. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांबद्दल जे लिहिलंय ते वाचलं तर कळतं की हा प्रश्न किती चिवट होता: हे लोक म्हणजे छोटे छोटे राजेच, मोकळे सोडले तर राज्याला जड, दुखावले तर शत्रूला जाऊन मिळणार.

मामेभावाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो वकील आहे, मुद्दा सोडत नाही. म्हणाला, "अगं, पण पेंढारी आले तेव्हा गाव कुठं जात होतं? गढीतच ना?"

हा मुद्दा खोडता येत नाही. १८०३-०४ चा दुष्काळ, होळकरांच्या फौजांची लूट, मागोमाग पेंढारी. त्या पंधरा वर्षांत वऱ्हाड-मराठवाड्यातल्या कितीतरी गावांनी रात्री गढीत काढल्या, गुराढोरांसकट. तट नसता तर ती गावं उठून गेली असती आणि कदाचित माझं आजोळही नसतं. आजी सांगायची, सगळं गाव आत आणि दिंडीला आडणा. महारवाडा त्या ‘सगळ्या गावात’ धरलेला असे का, हे तिला विचारायचं राहून गेलं. मी आता विचारते तर कुंभारबाबा नुसते वर बघतात.

तेव्हा गढी नुसती जुलमाचं घर होती असं मी म्हणणार नाही. तेलंगणात तसं सरळ म्हणता येतं. आमच्याच निजामी राज्यातल्या त्या अर्ध्या भागात देशमुखांच्या गडीसमोरून (गढीला तिकडे गडी म्हणतात) चप्पल घालून जायची चोरी होती. १९४६ च्या ४ जुलैला कडवेंडी गावात देशमुखाच्या माणसांनी मोर्चावर गोळ्या झाडल्या, दोड्डी कोमरय्या पडला आणि तिथून सशस्त्र लढा पेटला. तिकडे गडी पडली म्हणून कुणी दिवाळी अंकात लेख लिहीत नाही. मराठवाड्यातल्या देशमुख्या तेवढ्या अफाट नव्हत्या, जमीन जास्त वाटलेली होती, गावात वारकरी होते, नात्यागोत्याचे कुणबी होते. जुलूम कमी होता, की जुलमाशी नातं होतं म्हणून तो कमी दिसायचा? मला अजून नक्की सांगता येत नाही.

गढीवर पुन्हा चढले तेव्हा मी दोन गोष्टी पाहिल्या. पहिल्यांदाच पाहिल्या असं म्हणायला जड जातं, कारण त्या बुरुजावर बसून मी लहानपणी बोरं खाल्ली आहेत.

एक म्हणजे जंग्या, बंदुका रोखायची भोकं. पूर्वेच्या बुरुजात दगडी थराच्या वर, मातीत खापरी नळ बसवून त्या केलेल्या आहेत. बाहेरच्या अंगाला तोंड लहान, आतून पसरट, खाली झुकलेली. नदीकडे तोंड करून तीन. गावाकडे तोंड करून पाच. आतून डोळा लावला तर नदीकडच्या तिन्हींतून पलीकडचा काठ दिसतो. गावाकडच्या पाचांतून दिसतं ते चावडीसमोरचं मोकळं आवार, वेशीकडून येणारी गल्ली, आणि एकीतून थेट कुंभारवाड्याचा आवा. पेंढारी नदी उतरून यायचे. मग गावाकडे दोन जास्त कशासाठी, हे भावाला विचारलं. तो म्हणाला, गावात शिरलेल्या पेंढाऱ्यांवर मारायला. असेलही. वकिलाला उत्तर सुचतंच.

दुसरी गोष्ट तटाची कापलेली बाजू. जिथून आजोबांनी भिंत विकली तिथं तट केकसारखा उभा कापला गेलाय. पूर्वी मी त्याचा फोटो लेखाबरोबर छापला होता, लुटीचा पुरावा म्हणून. आता जवळ जाऊन बघितलं. हाताच्या अंतरावर राखेचा पट्टा, त्यात काळं पडलेलं जनावराचं हाड. वर तांबड्या खापरीचा काठ. त्याच्या बाजूला निळ्या काचेच्या बांगडीचा तुकडा, बोटाच्या पेराएवढा, मातीत आडवा रुतलेला. उत्खननात आयुष्य घालवलेल्या एका स्नेह्यांना फोटो पाठवला. ते म्हणाले, भिंतीतली खापरं भिंतीपेक्षा कितीतरी जुनी असतात, त्यांवरून गढीचा काळ काढायला जाऊ नका. तट बांधायला पांढरी लागते आणि पांढरी मिळते ती जुन्या वस्तीची. कुणाच्या तरी पडलेल्या घरांची, चुलींची, उकिरड्यांची जागा खणून ती माती वर चढवली, तेव्हा तुमची गढी झाली.

म्हणजे जिला मी चार लेखांत गढीची माती म्हटलं, ती आधी गावाचीच होती. डोक्यावरच्या पाटीतून वर गेली, तीनेकशे वर्षं वर राहिली, आणि गाढवांवरून खाली आली. जाताना फुकट गेली आणि येताना गाडीला चार आणे पडले.

यानंतर हळहळीचा लेख लिहिणं मला जमेना. एका अंकाला कबूल केलेला मजकूर मी दिला नाही. संपादकांनी दोन वेळा विचारलं, मग नाद सोडला.

आता भावाच्या बेताबद्दल. त्याला चारही बुरूज परत उभे करायचे आहेत. आत मंगल कार्यालय, मुक्कामाच्या खोल्या, हुर्डा पार्टी, दिंडी दरवाज्यात भालदार-चोपदारांच्या पोशाखातली पोरं. तट विटा-सिमेंटचा आणि वरून दगडासारखा दिसणारा रंग. त्याच्यासाठी माहितीपत्रक मी लिहायचं. मी नाही म्हटलं. "मग शनिवारवाडा पण पाडायचा का?" त्यानं विचारलं. नाही, शनिवारवाड्याला हात लावायला मी कुणाला सांगत नाही आणि सिंदखेडचा दरवाजा पडला तर मी आजही रडेन. जे उभं आहे ते उभं राहू दे. पडलेलं परत बांधायचं म्हटलं की मात्र विचारावं लागतं, कोण बांधणार, कुणासाठी, आणि जंग्या कुणाकडे तोंड करून ठेवणार. माझ्या भावाचं कार्यालय कुंभारबाबांच्या नातवाच्या लग्नाला परवडणार नाही, हे तर उघडच आहे.

घरातल्या काहींना वाटतं मी पुरोगामी झाले, म्हणजे माझं डोकं फिरवलं कुणीतरी. तसं काही नाही. देशमुखांचं घर माझंही आहे. आजीच्या हातची भाकरी मी तिथंच खाल्ली आहे आणि तो दीड बुरूज दिसला की अजूनही माझी मान नकळत ताठ होते. ती ताठ होते हे दिसायला लागलं, एवढाच फरक. मला गढीविषयी आता जास्त माहीत करून घ्यायचं आहे, पूर्वीपेक्षा जास्त. लांबी-रुंदी मोजून नकाशा काढायचा, उरलेल्या दगडांवरच्या पाथरवटांच्या खुणा उतरून घ्यायच्या, वह्या स्कॅन करून ठेवायच्या, तटाचा कापलेला भाग पावसाआधी झाकायचा. पाहणीला दोन विद्यार्थी यायला तयार आहेत. भावानं यालाही हो म्हटलंय, कार्यालयाचा बेत सध्या बाजूला ठेवून, कारण कर्ज मंजूर झालेलं नाही.

आमचं अडलंय ते फलकावर. दिंडीपाशी एक फलक लावायचा हे दोघांनाही मान्य आहे. मजकूर मी लिहिला: गढी कुणी बांधली, कोणाच्या हातांनी, वेठीला कुठल्या कुठल्या घरांतून माणसं येत, पेंढाऱ्यांच्या वेळी तिचा काय उपयोग झाला, आणि पुढं तिची माती व तुळया देशमुखांनी कशा विकल्या, दरासकट. भावानं तो वाचून परत पाठवला. वेठीचं त्यानं ठेवलंय, याचं मला आश्चर्य वाटलं. नावं जरा कमी कर म्हणतो. शेवटची ओळ मात्र खोडली आहे आणि तिथं ‘काळाच्या ओघात नामशेष झाली’ असं घातलंय. चार आणे वाचून पाहुणे काय म्हणतील, असं त्याचं म्हणणं. मी वहीच्या पानाची झेरॉक्स जोडून मूळ ओळ पुन्हा घातली आणि पाठवली आहे. वकिलाचं उत्तर अजून यायचंय.